हापसा गोड न्हाई

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गावर जाताना छडी घेऊन जायची. कधी कुणाला मारली नाही, पण हातात काहीतरी असल्याशिवाय आठवीच्या वर्गात पाऊल टाकायचा धीर मला व्हायचा नाही.

मी सांगलीत वाढले. गाण्याच्या परीक्षा तिथेच दिल्या, बी.एड. केलं, आणि नव्वदच्या दशकात वडूजच्या पुढच्या एका गावी हायस्कुलात लागले. नेमणूक मराठीची, तीही तात्पुरती, एका वर्षाची. शाळेला कुणीतरी पेटी भेट दिली होती, ती कपाटात पडून होती. मला गाता येतं हे कळल्यावर मुख्याध्यापकांनी, म्हणजे सगळ्यांच्या हेडसरांनी, गुरुवारचा शेवटचा तास संगीताचा करून टाकला.

वर्गात साठ मुलं-मुली. मी सा म्हटला की साठ जण सा म्हणायचे, रे म्हटला की रे. त्यापलीकडे गाडी जात नव्हती. मी त्यांना भीत होते, ती छडीला भीत होती, आणि तास कसाबसा सरत होता.

दिवाळीनंतर एका गुरुवारी पेटी उघडली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. हवाच धरेना. मी दोनदा, तीनदा भाता दाबला. वर्ग माझ्याकडे बघत होता.  पेटीच्या आडोशाशिवाय या पोरांपुढे मी कधी उभीच राहिले नव्हते. काही सुचेना म्हणून तोंडातून निघून गेलं, "आज तुम्हीच काहीतरी वाजवा."

 मग चौथ्या बाकावरच्या एका मुलीनं कंपासपेटीचं झाकण बाकाच्या कडेवर घासलं आणि मूठ आपटली. कर्र, कर्र, धप. ही मुलगी एरवी हजेरीला सुद्धा खाली मान घालून बोलायची. वडील फौजेत, घरी आईच्या हाताखाली शेत बघायची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हापसा, बाई."

वर्ग हसला. शाळेच्या आवारातला हापसा दसऱ्यापासून कोरडा होता. तरी येता-जाता पोरं त्याचा दांडा ओढायचीच, आणि मग तहान लागली की गावातल्या विहिरीवर पळायची.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "आसा न्हाई वाजत. कोरडा पडल्यावर दोनदा करकरतोय, थांबतोय, आन् मग धपकन बसतोय."

त्यावर वाद झाला. कोण म्हणे थांबत नाही, कोण म्हणे लय थांबतो. तास संपेपर्यंत साठ जण मिळून कोरडा हापसा वाजवत होते. मी मनात मात्रा मोजल्या तर सात भरल्या. सात मात्रांचा ताल हातावर धरायला मला लहानपणी दोन महिने लागले होते.

पण मला आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. मला तो आवाज शाळाभर जाईल याची भीती वाटत होती. आणि झालंही तसंच. दारात हेडसर येऊन उभे राहिले. वर्ग चिडीचूप. त्यांनी बंद पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेले. 

पुढच्या गुरुवारी मी परत सा रे ग म घेणार होते. पण मी आत शिरायच्या आधीच त्यांचं सुरू झालेलं होतं. चौघं कंपासपेट्या घासत होती, बाकीची बाक वाजवत होती, आणि त्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून आणले होते.

"हापशाला दांडा हाय, दांड्याला पोरं हायत,
पोरांस्नी तान हाय, हापशाला पानी न्हाई."

मी म्हणाले, "'न्हाई' नाही. 'नाही' असं लिहावं."

तिनं मनातल्या मनात म्हणून बघितलं. "बाई, 'नाही' म्हटल्यावर ते बसत न्हाई."

मी चाल सुचवली. मला येणाऱ्या एका रागातली, ऐकायला छान. त्यांनी आज्ञाधारकपणे एकदा म्हटली आणि गप्प बसली. मी विचारलं, आवडली नाही का.  मग तीच म्हणाली, "तुमचं गोड लागतंय बाई. हापसा गोड न्हाई."

मी खुर्चीत बसून राहिले. त्यांनी चाल त्यांची त्यांनी केली, तीनदा मोडली, चौथ्यांदा जुळली. त्या दिवशी मी छडी वर्गात विसरले आणि न्यायला परत गेले नाही.

जानेवारीत तपासणी लागली. हेडसरांनी मला बोलावलं. टेबलावर शाळेच्या माहितीचा फॉर्म भरलेला होता. पिण्याच्या पाण्याची सोय, याच्यापुढे 'आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं मला उलटं वाचता आलं.

"स्वागतगीत बसवा," ते म्हणाले. "पेटी कराडला नेऊन दुरुस्त करून घ्या. आणि ते बाक बडवणं बंद."

"हो सर," मी म्हणाले. माझी पुढच्या वर्षीची नेमणूक त्यांच्या शेऱ्यावर होती.

मी मांडीवर पेटी घेऊन एसटीनं कराडला जाऊन आले. स्वागतगीत बसवलं. हापशाचं गाणं गाऊ नका असं मात्र मला मुलांना सांगता आलं नाही. सांगायचं म्हणून तीन वेळा वर्गात गेले आणि तसंच परत आले. त्यांना थांबवायचीही मला भीतीच वाटत होती.

तपासणीच्या दिवशी स्वागतगीत नीट झालं. तपासायला आलेल्या साहेबांनी मान डोलावली आणि सहज विचारलं, "आणखी काय येतं?"

 झाकण घासल्याचा आवाज आला. कर्र, कर्र, धप. मग सगळा वर्ग. पोरांस्नी तान हाय, हापशाला पानी न्हाई. हेडसरांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. गाणं संपलं तेव्हा साहेब माझ्याकडे वळले.

"हे तुम्ही शिकवलं?"

"नाही," मी म्हणाले. "हे मी शिकवलेलं नाही."

ते शब्द खरे होते. पण मी ते खरे म्हणून बोलले नव्हते, अंग काढून घ्यायला बोलले होते. मुलांच्या तोंडाकडे मला बघवेना. तेवढ्यात ती मुलगी उठून उभी राहिली. 

"आमीच केलंय साहेब. चाल बी आमचीच हाय."

 साहेब बाहेर गेले, हापशाचा दांडा पाच-सहा वेळा ओढला, रुमालानं हात पुसले आणि हेडसरांसोबत ऑफिसात गेले. दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत गेले. हेडसर फाईलमध्ये बघत म्हणाले, "गाणं तुम्ही शिकवलं नाही म्हणता. मग तासाला करता काय?"

"त्यांना करू देते, सर."

"हं." त्यांनी पान उलटलं. "हापशाच्या दुरुस्तीला माणूस येणाराय सोमवारी. जावा."

नेमणूक पुढच्या वर्षीही मिळाली. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या गुरुवारी मात्र वर्गात जाणं तपासणीपेक्षाही अवघड गेलं.  त्या मुलीनंच विचारलं, "बाई, साहेबांनी विचारल्यावर तुमी आमच्या बाजूनं का बोलला न्हाईसा?"

"मी भ्याले," मी म्हणाले. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. "गाणं तुमचं आहे म्हणून मी 'नाही' म्हणाले नव्हते. नोकरी जाईल म्हणून म्हणाले."

  मग मागच्या बाकावरचा तो मुलगा खाली बघत म्हणाला, "आमी बी भ्यालोच हुतो बाई. हिच्या तर हातातनं झाकान सुटत हुतं."

तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं, आणि वही उघडून पुढचं पान काढलं.