नऊ, सत्तावीस आणि केणीकाका

केणीकाका गेल्याचा फोन काकूंनी स्वतः केला. "सुमन, हे गेले गं. चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि..." अशा वेळी शहाण्या बाईनं काहीतरी धीराचं बोलावं. मी विचारलं, "किती वाजता?" सत्तरीला टेकले तरी माझं तोंड मेंदूच्या दोन पावलं पुढेच चालतं. पण काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "सात वाजून दहा मिनिटांनी. तू विचारशील म्हणून घड्याळ बघून ठेवलं." ज्या घरात साठ वर्षं वेळ, वारा आणि दिशा यांच्याशिवाय बोलणं झालं नाही, त्या घरातल्या बाईला माझा प्रश्न वावगा वाटला नाही. आता त्याला महिना होत आला.

दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी होती, बाहेरगावच्या कुणा पुतण्यानं दिलेली. त्यात काकांना 'ज्येष्ठ वैमानिक' करून टाकलं होतं. वाचून मी रडता रडता हसले. केणीकाका आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. पार्ल्याच्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट बसवली, तिच्यातसुद्धा ते दोन वर्षं चढले नव्हते. "दोरीला टांगलेल्या पेटीत मी जाणार नाही," म्हणत तीन जिने चढायचे. पण लहान विमानं चालवणारी माणसं कुठल्याही आडगावच्या पट्टीवर उतरण्याआधी या लिफ्टला घाबरणाऱ्या माणसाचा कागद वाचायची, हेही तितकंच खरं.

तो कागद म्हणजे चार पानांचं मासिक पत्रक. विमानतळावरच्या कारकुनीतून लवकर निवृत्ती घेऊन काकांनी ते सुरू केलं होतं. मोठ्या विमानतळांची माहिती सरकार देतंच, पण साखर कारखान्याची पट्टी, संस्थानिकांच्या काळातलं मैदान, फवारणीच्या विमानांसाठी सपाट केलेलं माळरान यांची खबर कोण देणार? काकांनी छापील पोस्टकार्डं केली होती आणि जुहूच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या वैमानिकाच्या खिशात ती कोंबली होती. पट्टीवर खड्डे आहेत का, वारा दाखवणारी पिशवी फाटली आहे का, गुरं कधी येतात, इंधनाच्या खोलीची किल्ली कुणाकडे, असे त्यावर प्रश्न. वैमानिक घरी आला की काकू चहा टाकायच्या, पण काकांचा नियम होता, आधी बातमी, मग कप. एकदा एक बिचारा नुसता बसायला म्हणून आला होता. काका म्हणाले, "काहीच नाही? निदान कुठे घारी वाढल्या का ते तरी सांग." त्यानं घारी सांगितल्या, तेव्हा चहा मिळाला.

या पत्रकाची टायपिस्ट म्हणजे मी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, गिरण्यांचा संप चालू, आमचे मिस्टर घरी बसलेले. आम्ही राहायचो वाकोल्याला, विमानांच्या बरोबर पोटाखाली. विमान उतरताना बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबायचा आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचा. आमची निम्मी भांडणं अशीच विझली. टायपिंगची परीक्षा मी पास होते आणि वर गणित घेऊन बी.एस्सी. या बी.एस्सी.चा मला इतका माज होता की भाजीवालीशीसुद्धा मी त्या तोऱ्यात बोलायचे. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "विमानातलं काय येतं तुला?" मी म्हटलं, "रोज डोक्यावरून जातात." ते म्हणाले, "वा! माझ्यापेक्षा जवळून पाहिलीस."

पत्रक इंग्रजीत, आमचे वाद मराठीत. सगळ्यात जास्त वाद शेवटच्या ओळीवरून. काकांनी लहानपणी तलावावर उतरणारं विमान पाहिलं होतं, पाण्यावर पोट टेकून बदकासारखं येणारं. तेव्हापासून पाण्यावरच्या विमानतळांवर त्यांचा जीव. तसे तळ आपल्याकडे कधीच बंद झाले होते, तरी पत्रकाच्या शेवटी दर महिन्याला ओळ असायचीच : 'पाण्यावरचे तळ – बदल नाही.' मी म्हणायचे, "काका, जे नाहीच त्यात बदल काय होणार?" ते म्हणायचे, "अगं, बदल नाही हे कुणीतरी बघितलंय, हे कळायला नको?" मी तोंड वाकडं करून टाइप करायचे. मनात म्हणायचे, म्हातारा जरा सटकलाय. म्हातारा तेव्हा पन्नाशीचा होता, आणि सटकलेली कोण ते लवकरच कळलं.

झालं असं की काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. काका दोन दिवस इस्पितळात. एरवी मी टाइप केलेली स्टेन्सिल ते खिडकीच्या काचेवर धरून अक्षर न् अक्षर वाचायचे आणि मगच प्रती काढायच्या चक्रीयंत्रावर चढवायचे. त्या खेपेला म्हणाले, "तूच बघ आणि काढ प्रती. तुला जमेल." जमेल म्हणजे काय? मला पंखच फुटले. घाटावरच्या एका साखर कारखान्याच्या पट्टीबद्दल दोन पोस्टकार्डं आली होती. एकात लिहिलं होतं, पाण्याच्या नळासाठी नऊ नंबरच्या टोकाची पट्टी खणून नुसती माती लोटली आहे, तिथे चाक टेकवू नये. दुसऱ्यात होतं, सत्तावीस नंबरच्या टोकाला बाभळी वाढल्या आहेत. मी म्हटलं, पट्टी एक आणि नंबर दोन? कुणीतरी गाढवपणा केलाय. गणिताच्या पदवीधर बाईंनी दोन्हीकडे सत्तावीस केलं, साठ प्रती काढल्या, घड्या घातल्या आणि स्वतःवर खूश होऊन घरी जाऊन शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका काकूंना घेऊन घरी आले आणि पाठोपाठ दिघे. मुलुंडचे, मोठ्या मिशांचे, कारखान्यांची लहान विमानं चालवायचे. बातमी दिली, चहा घेतला, पत्रकाची ताजी प्रत खिशात घातली. जाताना म्हणाले, "दुपारी तीनला कारखान्याच्याच पट्टीवर चाललोय काका. दोन इंजिनिअर आहेत बरोबर." ते गेले. बाकीच्या प्रती मी टपालात टाकून आले. दुपारी जेवणं आटोपल्यावर काकांनी पत्रक उघडलं. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"सुमन, हे नऊचं सत्तावीस कुणी केलं?"

"मी. चूक होती ती. दुरुस्त केली."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावर फूटपट्टी ठेवली. "तुझ्या नवऱ्याला तुझ्या माहेरी काय म्हणतात?"

"जावईबापू."

"आणि घरी?"

"अप्पा."

"मग माणसं दोन झाली का गं? पट्टी एकच. इकडून उतरायला आलीस तर विमानाचं तोंड पूर्वेला, होकायंत्रावर नव्वद. शून्य गाळलं की नऊ. तिकडून आलीस तर तोंड पश्चिमेला, दोनशे सत्तर. म्हणजे सत्तावीस. ज्या टोकावरून आत यायचं, त्या टोकावर तो नंबर. आता सांग, तुझा कागद वाचून दिघे कुठे उतरेल?"

मी फूटपट्टीवरून बोट फिरवलं. नऊच्या टोकाकडून आले तर ते टोक चांगलं समजून चाकं थेट खणलेल्या मातीत. सत्तावीसकडून आले तर तिथलं टोक टाळून पुढे टेकणार आणि धावत धावत पलीकडच्या त्याच मातीत घुसणार. कसंही उतरा, खड्डा माझाच. घड्याळात सव्वादोन.

तळमजल्यावरच्या दवाखान्यातून फोन लावला, जुहूला कुणी उचलेना. काकांनी पायात चपला अडकवल्या. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा, मी काकूंपाशी थांबते." केवढी माझी सेवावृत्ती! डोळ्याला पट्टी बांधलेल्या काकू आतून म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? जा तू."

रिक्षात काका एकदाच बोलले. "दिघ्यांना तू सांगायचंस." मी हो म्हटलं. जुहूला दरवानानं काकांना ओळखून आत सोडलं. दिघ्यांचं विमान मैदानाच्या कडेला होतं, पंखा फिरू लागला होता. मी पदर खोचला आणि "अहो, अहो" करत सरळ त्या पंख्याच्या दिशेनं धावले. काकांनी मागून पदर धरून मला असं ओढलं की मी गवतात बसकण मारली. "एका दिवसात किती जणांना मारणार आहेस?" मग ते स्वतः बाजूला, दिघ्यांना दिसेल अशा जागी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून. वाऱ्यानं त्यांचं धोतर फडफडत होतं... पंखा मंदावला, थांबला. दिघे खाली उतरले.

"काय काका, आज चढताय की काय?"

"ही सांगेल."

मी सांगितलं. इतकं भरभर सांगितलं की दोनदा सांगावं लागलं. दिघ्यांनी खिशातून पत्रक काढून तिसरं पान पाहिलं. विमानात बसलेले दोघं काचेतून आमच्याकडे बघत होते, त्यातला एक सफरचंद खात होता. ते सफरचंद मला अजून दिसतं. दिघे काकांशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "बाकीचं सगळं तुम्हीच टाइप केलंत? ते बरोबर आहे?"

खरं सांगायचं तर 'हो' तोंडात तयार होतं. हो म्हटलं की सुटले. नोकरी वाचली, घर वाचलं. पण काका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, लांबच्या वारापिशवीकडे बघत होते. म्हणजे उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

"या महिन्याचं बाकी बरोबर आहे," मी म्हटलं. "पण... गेल्या महिन्यात मी कोंबड्या काढल्या होत्या."

काका वळले. "कुठल्या कोंबड्या?"

"नदीकाठच्या पट्टीवर संध्याकाळी कोंबड्या येतात असं कार्डात होतं. मला ते... पत्रकात बरं नाही दिसलं."

"बरं नाही दिसलं!" दिघे म्हणाले. "अहो, मागच्या आठवड्यात एक कोंबडा माझ्या चाकात आला. चौकीदार नुकसानभरपाई मागत बसला होता. मी म्हणत होतो, केणीकाकांच्या कागदात कोंबडं कसं नाही?" आणि ते मिशा थरथरवत हसायला लागले. मग हसू आवरून काकांना म्हणाले, "आणखी काही असतं तर हिनं आता सांगितलं असतं. जातो मी. उरलेल्या पानांवर माझा भरवसा आहे." त्यांनी पेननं सत्तावीसचं नऊ केलं आणि विमानात चढले.

ते परत येईपर्यंत काका आणि मी कुंपणापाशी एका बाकावर बसून राहिलो. ऊन उतरायच्या वेळेला विमान आलं, शहाण्यासारखं टेकलं. दिघ्यांनी लांबूनच अंगठा दाखवला आणि माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला. काका म्हणाले, "उद्या लवकर ये. साठ कार्डं लिहायची आहेत."

कार्डं मी हातानं लिहिली. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, सगळ्या बातम्यांच्या वर, दुरुस्ती. तीही काकांची पद्धत. खाली चूक करणाऱ्याचं नाव. ते त्यांनी मला टाइप करायला लावलं. मी धूर्तपणे 'टायपिस्ट' असं टाइप केलं. काकांनी स्टेन्सिल काचेवर धरली. "टायपिस्ट? हे नाव तुझ्या आईनं ठेवलं की आत्यानं?" मग स्टेन्सिलवरची चूक बुजवायचं लाल औषध लावून खोडलं आणि पूर्ण नाव घातलं. माझं नाव छापून आलं ते हे पहिल्यांदा! त्याखाली काकांनी स्वतःची ओळ घालायला लावली : 'न वाचता छापलं – केणी.' मी म्हटलं, "तुमची कशाला? चूक माझी." ते म्हणाले, "बघायचं काम माझं होतं." पुढे सहा वर्षं मी तिथे टाइप केलं. कार्डात बेडूक असले तर बेडूक, कोंबड्या असल्या तर कोंबड्या. जुहूचे वैमानिक मला 'सत्तावीसबाई' म्हणायचे आणि मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे.

परवा काकूंना भेटायला पार्ल्याला गेले. त्या आता एकट्याच असतात. घरभर काकांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. शेवटच्या दोन वर्षांत, आपण आधी जाणार असा हिशेब करून, ते एकेक लावत गेले होते. मोरीच्या नळावर : 'सकाळी आधी गढूळ येतं. दहा मिनिटं सोडावं.' पंख्याच्या बटणावर : 'चारवर आवाज करतो. घाबरू नये.' कपाटावर : 'डावं दार आधी उचलावं, मग ओढावं.' मी एकेक वाचत फिरले. बैठकीच्या दिव्याच्या बटणापाशी आले तर काकू म्हणाल्या, "ते चुकीचं आहे हं. दिवाळीआधी वायरमननं बटणं उलटसुलट केली. वरचं दिवा लिहिलंय, लागतो पंखा. मी रोज फसते. ह्यांना सांगितलं नाही. त्यांनी स्टूल घेऊन चढायला सुरुवात केली असती. तू कर दुरुस्त. तुला सवय आहे."

मी पेन काढलं. मग बाजूला ठेवलं, दोन्ही बटणं दोनदा दाबून पाहिली, दिवा आणि पंखा दोन्ही डोळ्यांनी बघितले, काकूंनाही बघायला लावले. मगच लिहिलं : 'वरचं पंखा, खालचं दिवा.'

"खाली नाव लिही," काकू म्हणाल्या. "चूक कुणाची ते."

"वायरमनचं नाव काय?"

"कोण जाणे. ह्यांचंच लिही. बघायचं काम त्यांचं होतं."

मी 'चूक – केणी' असं लिहिलं. काकूंनी चष्मा लावून, भिंतीशी नाक नेऊन ते वाचलं आणि म्हणाल्या, "तारीख राहिली." मी तारीख घातली. काका जाऊन त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते.