माहेरच्या माणसाचं भाडं

ऑटोवाली भर उन्हातही पाणी पीत नसे. बाईमाणसानं दिवसभर ऑटो चालवायचा तर मध्ये जायचं कुठे, याचा विचार तिला मोबाईलवर भाडी देणाऱ्या कंपनीत कोणी केला नव्हता. माझं घर अकोल्याच्या स्टेशनमागे. दुपारी एकदा यायची, संडासला जायची आणि मगच घटाघटा तांब्याभर पाणी प्यायची. मी तिला कधी नाही म्हटलं नाही, पण हसून दारही उघडलं नाही.

ती मला डोळ्यांत खुपायची. माझ्यासारखीच बार्शीटाकळीची लेक, माझ्यासारखीच कमी शिकलेली. पण मी जन्मभर चुलीपुढे बसले आणि ही खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून पोलिसालाही "सरका भाऊ" म्हणायची.

भाडं कंपनी ठरवायची, त्यातला आपला वाटाही कंपनीच कापायची. गिऱ्हाईकानं एक तारा कमी दिला की हिला लांबची भाडी मिळत नसत. ती म्हणायची, "मावशी, साहेब दिसतच नाही, त भांडू कोनासंग?" मला मनातून बरं वाटायचं.

तिची एक खोड होती. भाडं घ्यायला गेली आणि माणूस बार्शीटाकळीचा निघाला, की मोबाईलवरची ट्रिप तिथेच रद्द करायची आणि त्याला फुकट पोचवायची. माझ्या भावालाही तिनं असंच आणलं. जेवताना तो तिचंच कौतुक करत राहिला. माझ्या वांग्याच्या भाजीला एक शब्द नाही.

कंपनीला वाटलं, ही ट्रिप मोडून पैसे परस्पर खिशात घालते. एका सकाळी मोबाईलवर दोन ओळी आल्या आणि तिचं खातं बंद. समजावून सांगायला समोर माणूसच नाही.

मी म्हटलं, "घेऊन टाकाचं होतं भाडं. काहून नाही घेतलं?"

"गावच्या मानसाले पैसे मागू? मंग माहेरी कोन्त्या तोंडानं जाऊ, मावशी?"

मला माहेरी बोलावून किती वर्षं झाली, हे तिला काय माहीत.

ऑटो विकून ती अमरावतीला गेली, एका वसतिगृहात पोळ्या लाटायला. जायच्या दिवशी आली आणि निवांत बसून दोन तांबे पाणी प्यायली.

परवा भाऊ आला. चप्पल काढायच्या आधी दारातूनच म्हणाला, "बाई, ते ऑटोवाली कुठी गेली वं? आज पैसे देऊन आलो."

मी कशी आहे, ते त्यानं पाणी पिऊन झाल्यावर विचारलं.