सूट चढवल्यावर लघवीला लागली तर

मी धरणांच्या दरवाज्यांखाली बुडी मारून झिजलेल्या रबरी पट्ट्या बदलतो. हिवाळ्यात आमच्या खानदेशातलंही पाणी हाडं गोठवतं, म्हणून ड्रायसूट घालावा लागतो. तो मानेशी आणि मनगटांशी इतका घट्ट असतो की बाहेरचा थेंब आत येत नाही. आतलाही बाहेर जात नाही. तीन-चार तास खाली राहायचं तर लघवीचं काय, असं कुणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या तेच असतं. तर सांगतो. मोठ्या माणसांचं डायपर लावतो. मेहरूणच्या मेडिकलवाल्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "आजीला हवंय की आजोबांना?" म्हटलं, "माझ्याच कमरेचं माप घ्या."

त्याआधी आम्ही पाणबुडे सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. मला मुतखडा झाला आणि ते शहाणपण संपलं. डायपर लावूनही पहिल्या दिवशी होईना. लहानपणी अंथरूण ओलं केल्यावर वडिलांच्या हातचा खाल्लेला मार तिथे खाली, अंधारातही आठवत होता. शेवटी झाली. क्षणभर मांड्यांना ऊब, मग गारठा. बोटं बधिर होती, मनही तसंच. पट्टी बसवत राहिलो.

गेल्या पौषात अमळनेरजवळच्या आमच्या घरी वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, डावी बाजू गेली. आई रोज गोधड्या धुवायची. तिचे हाल बघवेनात म्हणून आबांनी पाणी पिणंच बंद केलं. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. पण डायपरचं नाव काढलं की आबा खवळायचे.

"मी काय धाकला पोऱ्या शे का?"

"आबा, पानीमा उतरतांना मी बी लावस."

"तुले त्याना पगार भेटस."

मग भिंतीकडे तोंड करून त्यांनीच विचारलं, "कसं लागस?"

"पहिले गरम. मंग थंड."

मग म्हणाले, "तूच लाव. पन पहिले तुनी मायले बाहेर जाऊ दे."

लावलं. तांब्याभर पाणी पाजलं आणि पाठ करून बसलो. दुपार कलली तरी त्यांना होईना. का होत नाही, ते मला ठाऊक होतं. शेवटी मागून आवाज आला, "व्हयनं." झालं होतं.

आता ते पाणी पितील, जगतील, हे कळत होतं. तरी आनंद झाला नाही. ज्यांच्यासमोर मी मोठेपणी कधी उघड्या अंगाने बसलो नाही, त्यांना मी पुसून कोरडं केलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मी नजर चोरली नाही. दोघांचीही लाज गेली होती, आणि मला वाईट वाटलं ते ती गेल्याचंच.