दुसऱ्या गिअरवरचा हात

शेजारच्या नानांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार दुसऱ्या गिअरमध्ये टिकत नाही. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गिअर आपोआप निसटतो. मी आमच्या घराण्यातला पहिला इंजिनिअर, आणि ते सांगायला मला आवडतं. क्लच पाहिला, तेल पाहिलं, एक चक्कर मारली आणि निदान केलं.

"नाना, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवता ना? त्या भारानं, गिअर जागेवर धरणारा आतला फोर्क झिजलाय."

"आता नाही ठेवत. ही शेजारी बसायची तेव्हा ठेवायचो. माझ्या हातावर हिचा हात."

काकू गेल्यापासून ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतात. म्हणजे ज्या भारानं फोर्क झिजला, त्याच भारानं गिअर इतकी वर्षं धरूनही ठेवला होता. कोण काय धरून होतं हे आपल्याला असं उशिरा कळतं, आणि तोवर सांगायला ते माणूस उरत नाही.

"नवा टाकू?" मी विचारलं.

नानांनी रिकाम्या सीटवरची धूळ हातानं पुसली. "टाक बाबा. हिच्या माहेरी जायचं तर घाट उतरावा लागतो."