माझी पहिली विद्यार्थिनी

निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी मी व्हायोलिन हातात घेतलं. मी गज उचलला की बायकोला हमखास बाजाराची आठवण व्हायची. दोन वर्षं घासूनही एक सूर सरळ निघेना.

एके सकाळी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या नर्सबाई दारात आल्या. तक्रारच असणार म्हणून मी आधीच माफी मागून टाकली.

"माफी कसली? मला शिकवाल का?"

मी फुलून गेलो. "पण माझ्याकडेच का?"

"इतकं वाईट वाजवूनही तुम्ही सोडलं नाहीत. तुमच्यासमोर चुकायला मला लाज वाटणार नाही."

अपमान गिळून मी शिकवायला लागलो. सहा महिन्यांत त्या माझ्या पुढे गेल्या. आता माझा गज तिरका गेला, की माझं मनगट धरून त्याच सरळ करतात. मी मात्र इमारतभर सांगत फिरतो, बाईंना मीच तयार केलं.