फणसावरचा साक्षीदार

काजू चोरणाऱ्यांना शिव्या घालून घालून विश्रामचा घसा बसला, तेव्हा त्याच्या मुलाने, सर्वेशने, बागेच्या दगडी गडग्याजवळच्या फणसावर पानांआड कॅमेरा बसवला. सर्वेश रोज दोडामार्गाहून मोटारसायकलने गोव्यात कामाला जायचा. एका संध्याकाळी परतताना त्याच गडग्यासमोर एका गाडीने त्याला उडवलं. पोरगा जागीच गेला, कॅमेऱ्याचं चित्र ज्यावर दिसायचं त्या मोबाइलचाही चुरा झाला. गाडीवाला जामिनावर सुटला आणि सर्वेशच उलट्या बाजूने आला म्हणून सांगत सुटला. बघणारं दुसरं कोणी नव्हतं, फक्त तो कॅमेरा.

आता दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी पोलिसांकडे धावला असता. पण विश्राम पडला रीतीचा माणूस! बारा दिवस सुतक, सुतकात कोणाची पायरी चढायची नाही. कॅमेरा काय पळून जातो? तेराव्या दिवशी त्याने तो उतरवला, धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि फौजदार जितेंद्रसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

फौजदाराने तो उलटापालटा करून सांगितलं, यात काही नसतं. चित्र परदेशातल्या कंपनीकडे जातं आणि तिथेच राहतं. विश्रामचं डोकं गरगरलं. बाग माझी, फणस माझा, पोटचा झील माझा, आणि त्याचं मरण ठेवलंय परक्या मुलखात? फौजदाराने लगेच कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तुमच्या पोलिसांचं पत्र आम्हाला चालत नाही, आमच्या सरकारमार्फत या. मग कोर्टाची विनंती दिल्लीला गेली, दिल्लीहून तिकडे. खून पडला रस्त्यावर आणि परवानगी मागायची समुद्रापलीकडे, हा कुठला न्याय तो त्या ब्रह्मदेवालाच ठाऊक. आठ महिने विश्राम हेलपाटे घालत होता आणि प्रत्येक वेळी त्याला नवीनच ऑफिसचं नाव ऐकायला मिळत होतं.

शेवटी उत्तर आलं. सरकारी वकील रश्मीने त्याला आधी खुर्चीत बसवलं.

"काका, त्यांच्याकडे रेकॉर्डिंग दहाच दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. आपण कळवलं तेराव्या दिवशी."

विश्राम बोटांवर मोजू लागला, चुकला, पुन्हा मोजू लागला.

"दहाव्याक पिंडाक कावळो शिवत नव्हतो," तो म्हणाला. "तुका मारलेल्याक सोडूचंय नाय म्हणान झिलाक सांगलंय, तेव्हा शिवलो. त्या येळाक ता रेकॉर्डिंग थंय होता मा गो?"

रश्मीने कागद परत वाचला.

"होतं," ती म्हणाली.