एंटर कोणी दाबायचं

घुग्घुसच्या कोळसा खाणीत सकाळची पाळी करून तो दुपारी लोकांच्या घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा. आमच्याकडे एकदाच आला. बाबांचा जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून त्यात नवीन विंडोज टाकायची होती.

आधी त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंख्यावरची राखाडी भुकटी चिमटीत चोळली आणि म्हणाला, "हे कोळशाची धूळ नाई, सिमेंटची हाय. तुमची खिडकी कारखान्याकडे हाय ना?"

होती. आता हा माणूस आणखी काय ओळखतो, ते बघत मी तिथंच बसलो.

"सी ड्राइव्हमधे काई हाय का तुमचं?"

"काही नाही. पुसून टाका."

"सारेच असं म्हणते," असं म्हणून तो एकेक फोल्डर उघडत बसला. मला उगाच वेळकाढूपणा वाटला. डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात वाकड्यातिकड्या रेषांचा एक वाघ निघाला. निवृत्तीनंतर बाबा माउस धरायला शिकत होते, तेव्हा काढलेला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि हा वाघ मी कधी पाहिलाच नव्हता.

त्यानं किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेल्या पेनड्राइव्हवर वाघ उतरवून घेतला. मग सगळं पुसायची वेळ आली तसा तो खुर्चीवरून उठला.

"आता एंटर तुमी दाबा."

"अहो, तुम्हीच दाबा की."

"नाई. ते बटन मी कोनाच्याच घरी दाबत नाई."

"का बरं?"

तो बोटांवरची भुकटी रुमालाला पुसत राहिला.

"एकदा दाबलं होतं. माह्याच घरी."